हाताखालचा ‘हो’

‘हो’चं बटण डावीकडे असावं की उजवीकडे, यावरून जगात कुणाचा जीव जाईल असं तुम्हाला वाटणार नाही. धनश्री बिरनाळेलाही वाटलं नव्हतं. आणि तिचं तर अर्धं आयुष्य त्या बटणांत गेलेलं.

आधी हे बटणांचं त्रांगडं नीट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कॉम्प्युटर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या आपापल्या रीती असतात. एकीच्या यंत्रावर प्रश्नाची खिडकी उघडली की ‘हो’ डावीकडे आणि ‘नको’ उजवीकडे. दुसरीच्या यंत्रावर नेमकं उलटं. तिसरी ती फुकट मिळणारी यंत्रणा, तिथं बनवणाऱ्याच्या मनाला येईल तसं. यात बरोबर कोण, यावरून त्या क्षेत्रातली भली शहाणी माणसं चाळीस वर्षं भांडताहेत. धनश्रीचा धंदा असा, की प्रोग्राम एकदाच लिहायचा आणि तो तिन्ही ठिकाणी चालवायचा. नुसता चालवायचा नाही, तर जिथं जाईल तिथं तो तिथलाच वाटला पाहिजे. बटणं तिथली, खिडक्यांच्या कडा तिथल्या, मेनू तिथला. सांगलीची मुलगी चिकोडीला दिली की वर्षभरात कानडीत भांडायला लागते, तसं. प्रोग्राम परका वाटला की लोक चिडतात, आणि का चिडलो ते त्यांना सांगताही येत नाही.

सगळं जग फोनवर गेलं असं म्हणतात ते खोटं आहे. रक्तपेढ्या, प्रयोगशाळा, नगरपालिका, दूध संघ, सगळीकडे टेबलावरचा कॉम्प्युटर २०३६ सालीही होता तिथंच होता, आणि त्याच्यासमोर दिवसभर बसणारी माणसंही. धनश्रीची अक्का त्यांतली एक.

अक्का म्हणजे विमल चौगुले. धनश्रीहून बारा वर्षांनी मोठी, मिरजेच्या एका रक्तपेढीत तंत्रज्ञ. आई गेली तेव्हा धनश्री सात वर्षांची होती. अक्कानं स्वतःचं लग्न अकरा वर्षं लांबवलं, धाकटीच्या वेण्या घातल्या, डबे भरले, तिला कॉलेजात बसवलं आणि मग स्वतः सासरी गेली. हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही. न बोलून दाखवणाऱ्या माणसाचं ओझं जास्त असतं, हे धनश्रीला फार लवकर कळलं होतं.

रक्तपेढीचा प्रोग्राम धनश्रीनंच केलेला. तिथं दोन कॉम्प्युटर होते, एक एका जातीचा आणि दुसरा कुणा डॉक्टरांनी देणगी दिलेला, दुसऱ्या जातीचा. एका दुपारी धनश्री तिथं गेली तर अक्का वैतागून बसली होती.

“धने, तुझा ‘हो’ एका जागी थांबत नाही बघ. या टेबलावर डावीकडं, त्या टेबलावर उजवीकडं. दिवसातून दहा वेळा उलटंच दाबते मी.”

“अगं, ज्या त्या यंत्राची ती रीत आहे. त्या यंत्राच्या माणसाला तसंच बरं वाटतं.”

“यंत्राचा माणूस कुठला? माणूस मी एकच आहे की. या खुर्चीवरनं उठून त्या खुर्चीवर बसते, तेवढंच.”

धनश्री हसली आणि परतीच्या वाटेवर सांगलीच्या विश्रामबागपर्यंत येता येता हसायची थांबली. अक्का बोलली ते बरोबर होतं. आपण आजवर यंत्राला शोभेल असा प्रोग्राम करत होतो. समोर बसलेल्या माणसाला शोभेल असा का करू नये? प्रत्येक माणूस हीच एक वेगळी यंत्रणा धरली तर?

‘अंगवळण’ नावाचा प्रोग्रामवर बसवायचा जो सॉफ्टवेअरचा थर पुढे देशभर गेला, तो इथून निघाला.

त्यातलं विज्ञान अवघड नाही. आपण एखादं काम नव्यानं शिकतो तेव्हा मेंदूचा पुढचा, विचार करणारा भाग राबत असतो. म्हणून दमायला होतं. तेच काम पाचशे वेळा केलं की तो भाग अंग काढून घेतो आणि काम मेंदूच्या आतल्या-खालच्या मजल्यावर सोपवतो. तिथं विचार नसतो, नुसती सवय असते. सायकल तिथून चालते, पोळी तिथून लाटली जाते. माऊसवरचा हातही तिथूनच फिरतो. बोट बटणावर टेकण्याच्या कितीतरी आधी हातानं आपला रस्ता पकडलेला असतो. तोवर माऊसमध्ये बोटांचा दाब मोजणारी पट्टी आणि पडद्यावर नजर टिपणारं भिंग सर्रास येऊ लागलं होतं. या दोन्हींवरून हात कुठं निघालाय, डोळा कुठं थांबतोय आणि कुठं थांबतच नाही, हे थराला आधीच कळायचं.

मग थर काय करायचा? हात जिथं निघाला, तिथं त्याला हवी ती वस्तू आणून ठेवायचा. जे नेहमी लागतं ते मोठं, जवळ, हाताखाली. जे कधीच लागत नाही ते हळूहळू आकसायचं, फिकट व्हायचं, कोपऱ्यात जायचं. माणूस खुर्चीत बसला, माऊस चार वेळा हलवला, की थर हात ओळखायचा आणि पडदा त्याचा व्हायचा. आठ-दहा दिवसांत माणसाला वाटायचं की हा प्रोग्राम जन्मापासून माझ्या घरातलाच आहे. बघावं लागायचं नाही, वाचावं लागायचं नाही.

धनश्रीचा भागीदार शीतल मगदूम. आमच्या सांगलीकडे शीतल पुरुषाचंही नाव असतं, तेव्हा गैरसमज नको. कॉलेजपासूनचा मित्र, बोलायला गोड, विकण्यात हुशार. त्यानं दोन वर्षांत अंगवळण साडेतीन हजार ठिकाणी बसवलं. कामं दुप्पट वेगानं व्हायला लागली, चुका निम्म्यावर आल्या. हे आकडे खरे होते, कुणी फुगवलेले नव्हते. पुण्याला बक्षीस मिळालं तेव्हा धनश्रीनं अक्काला सोबत नेलं आणि व्यासपीठावरून सांगितलं, की ही कल्पना माझ्या बहिणीची. अक्का पदराआड तोंड लपवून बसली.

कुरबुरी होत्या, नाही असं नाही. मदतीच्या फोनवर बसणाऱ्या पोरांची पंचाईत झाली. ‘उजवीकडचं निळं बटण दाबा’ असं आता म्हणता येईना, कारण पलीकडच्या माणसाच्या पडद्यावर ते उजवीकडं असेलच असं नाही, निळं असेल असंही नाही. शेवटी ती पोरं सगळ्यांना एकच सांगू लागली, ‘नेहमीसारखं करा, जमेल.’ आणि जमायचंही.

अक्काचा एकदा फोन आला होता. “नवीन मुलगी आलीय गं. मी बसून दाखवते तेव्हा सगळं तिला दिसतं. ती बसली की तिथं काहीच नसतं. शिकवू कशी?”

“शिकवायची गरजच नाही, अक्का. थर तिचं तिला शिकून घेतो.”

 अठ्ठावीस वर्षांत अक्कानं तीसेक मुली हाताशी धरून तयार केल्या होत्या. “बरं,” म्हणाली, “मग मी नुसतीच बसते शेजारी.”

धनश्रीला त्यात काही लागण्यासारखं वाटलं नाही. ती त्या दिवसांत फार खुशीत होती.

तीन सप्टेंबरला सकाळी अकरा बेचाळीसला अक्कानं एक पिशवी वॉर्डात पाठवली.

डेंगीची साथ होती, खिडकीपाशी नातेवाइकांची रेटारेटी होती, दोन मुली रजेवर. अक्कानं शेजारच्या कप्प्यातली पिशवी उचलली. अशी चूक माणसाकडून होते, आणि होते म्हणूनच तर प्रोग्राम असतो. प्रोग्रामनं ती पकडलीही. पिशवीवरचा रक्तगट ए, रुग्णाचा बी. ‘रक्तगट जुळत नाही. तरीही द्यायचं?’ अशी खिडकी आली. आता असल्या प्रश्नाला ‘हो’ ठेवायचाच कशाला, असं तुम्ही विचाराल. तातडीच्या वेळी ओ गटाचं रक्त दुसऱ्या गटाच्या माणसाला द्यावं लागतं, म्हणून ठेवावा लागतो. अक्कानं ‘हो’ दाबला. वॉर्डातल्या नर्सच्या कॉम्प्युटरवरही तेच सॉफ्टवेअर होतं. तिलाही तोच प्रश्न आला, तिनंही ‘हो’ दाबला.

महादेव कोष्टी, वय छत्तीस, माधवनगरच्या यंत्रमागावर काम करणारा. पोटाच्या ऑपरेशनसाठी आला होता. चौथ्या दिवशी गेला. मागं बायको आणि दोन मुली.

प्रोग्रामच्या नोंदवहीत सगळं लख्ख होतं. इशारा दाखवला, अकरा बेचाळीस. वापरणाऱ्यानं ‘हो’ निवडला, अकरा बेचाळीस. मधलं अंतर सेकंदाचे चार दशांश. चार दशांश सेकंदात कुणी ओळ वाचत नाही. अक्काला तर तीन तारखेच्या संध्याकाळीच घरी बसवलं गेलं होतं.

कोष्टी गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी धनश्रीनं ऑफिसात दार लावून घेतलं आणि अक्काची सवयींची फाइल उघडली. प्रत्येक माणसाची अशी फाइल कंपनीच्या सर्व्हरवर असायची. माणूस कामावर असेल त्या दिवशी तिची प्रत निघायची, ती तीस दिवस ठेवायची आणि नंतर पुसायची. लोकांच्या खाजगीपणासाठी हा नियम धनश्रीनंच घातलेला. तीन तारखेची प्रत तिनं चाचणीच्या यंत्रावर चढवली. त्या यंत्रावर अक्काचा हात, अक्काची नजर आणि तिचा पडदा जसाच्या तसा पुन्हा चालवता येत होता.

खिडकी आली. धनश्री बघतच राहिली.

लाल काही नव्हतं. इतर दहा प्रश्नांसारखीच ती एक करडी, लहानशी खिडकी होती. ‘पिशवीची मुदत तीन दिवसांत संपते, तरीही द्यायची?’, ‘अर्जावर सहीचा फोटो नाही, तरीही पुढे जायचं?’ असले प्रश्न अक्काला रोज पन्नास वेळा यायचे आणि रोज पन्नास वेळा ती ‘हो’ म्हणायची. तेच तिचं काम होतं. तिची नजर त्या ओळींवर थांबत नाही हे थरानं टिपलं होतं, म्हणून ओळ बारीक करत नेली होती. रक्तगटाची ओळही तशीच बारीक, फिकट आलेली. ‘नको’ खाली कोपऱ्यात नखाएवढा. आणि ‘हो’ रुंद, ऐसपैस, बरोबर तिथं, जिथं अक्काचा हात आधीच येऊन टेकला होता. अक्का त्या बटणाकडे गेलीच नव्हती. बटण अक्काकडे आलं होतं.

चूक कुठं झाली ते शोधायला धनश्रीला पाच मिनिटंही लागली नाहीत, कारण ती चूक तिच्या अभिमानाची जागा होती. माणसाला काहीही विचारायचं असलं तरी तिच्या प्रोग्राममध्ये त्यासाठी एकच फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा एकच तुकडा, होतं. ती त्याला ‘दार’ म्हणायची. सगळे प्रश्न एकाच दारातून बाहेर पडतात, म्हणून सगळीकडे एकसारखे दिसतात. प्रोग्राम लिहिणाऱ्यांत याला सुबक काम म्हणतात. नव्या पोरांना ती तो भाग उघडून दाखवायची. अंगवळण बसवताना तिनं ते त्या दारावरच बसवलं होतं, एका जागी, अकरा ओळींत. मुदतीचा प्रश्न आणि मरणाचा प्रश्न त्या दारातून एकाच कपड्यात बाहेर पडत होते, आणि हे तिच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

तिनं ते बारा वेळा चालवून पाहिलं. मग शीतलला बोलावून तेराव्या वेळी दाखवलं.

शीतल खुर्चीत बसला. मग म्हणाला, “हे आणखी कुणाला माहीत आहे?”

“तुला आणि मला.”

“दुरुस्ती आजच पाठवू. जिवाशी संबंध असलेले सगळे इशारे थराच्या बाहेर काढ. सगळ्यांना सारखे दिसू देत, लाल आणि मोठे. किती वेळ लागेल?”

“तासाभराचं काम आहे.” तासाभराचं काम होतं, हे तिचं तिलाच ऐकवेना. “बदलाचं कारण काय लिहू?”

“लिहू नकोस. ‘वापर अधिक सुलभ’ एवढंच टाक.”

“आणि अक्का?”

“अक्कांच्या हातचं मीही जेवलोय, धनश्री. मला दगड समजू नकोस.” त्यानं चष्मा काढून ठेवला. “पण हे बाहेर पडलं तर उद्या सकाळी साडेतीन हजार ठिकाणची कामं थांबतात. आपल्याकडे साठ माणसं आहेत. कोष्टी परत येणार नाही. पुढं कुणी मरू नये याची सोय आपण आज करतोच आहोत. अक्कांची नोकरी उरलीय दीड-दोन वर्षांची.”

“नोकरीचं नाही बोलत मी.”

“माहीत आहे.” तो उठला. “ती फाइल तीन ऑक्टोबरला दुपारी चारच्या सफाईत जाईल. ठेवायची असेल तर आपल्या दोघांपैकी एकानं परवानगी द्यायची, तेवढंच. मी ठेवणार नाही आणि पुसणारही नाही. बहीण तुझी आहे. तू ठरव.”

तो वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. त्यानंच फाइल पुसली असती आणि धनश्रीला जन्मभर त्याला शिव्या देत स्वतःला सोडवता आलं असतं. पण त्यानं सगळं तिच्या पदरात घातलं आणि तो जेवायला गेला.

दुरुस्ती संध्याकाळी सहाला गेली. साडेतीन हजार ठिकाणी बसली. कुणाच्या लक्षातही आली नाही.

चौकशी समिती एक ऑक्टोबरला बसली. रक्तपेढीच्याच सभागृहात, सकाळी साडेदहाला. अध्यक्ष डॉक्टर वाळिंबे, निवृत्त, सरळ माणूस, कुणाला पाठीशी घालणारा नव्हे आणि मुद्दाम पाडणाराही नव्हे. धनश्रीला त्यांनी सॉफ्टवेअरची जाणकार म्हणून बोलावलं होतं. ती चौगुले मॅडमची सख्खी बहीण आहे हे तिनं आधीच लिहून दिलं, आणि तरीही समितीनं तिला घेतलं, कारण तिच्या प्रोग्रामबद्दल तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

ती मनाशी ठरवून आली होती. त्यांनी विचारलं तर सांगायचं. सरळ विचारलं तर सरळ सांगायचं. तिला वाटत होतं ही मोठी धैर्याची गोष्ट आहे. खरं तर आपण न्यायाची जबाबदारी समोरच्याच्या प्रश्नावर ढकलतोय, हे तिला आतून ठाऊक होतं.

डॉक्टरांनी रक्तपेढीतला तोच कॉम्प्युटर मागवला होता. “चौगुले मॅडम, तुम्ही बसा. त्या दिवशीसारखंच करून दाखवा.”

अक्का बसली. महिनाभरात तिचा चेहरा उतरला होता, पण केस नीट विंचरलेले, साडी इस्त्रीची. माऊस चार वेळा हलवला. पडदा तिचा झाला, यादी तिच्या सवयीची आली. तिनं एक पिशवी स्कॅन केली, मग दुसऱ्या गटाचा अर्ज.

सगळा पडदा लाल झाला. मधोमध बोटभर उंचीची अक्षरं. ‘रक्तगट जुळत नाही.’

सभागृहात कुणीतरी सुस्कारा टाकला. मागच्या रांगेत महादेव कोष्टीची बायको धाकट्या मुलीला घेऊन बसली होती. तिनं मान वर करून पडद्याकडे पाहिलं आणि मग अक्काकडे.

“मॅडम,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “हे एवढं मोठं आहे. हे तुम्हाला दिसलं नाही?”

अक्का पडद्याकडे बघत होती. “माझ्याकडं असं नव्हतं दिसत, साहेब.”

“मग कसं दिसत होतं?”

अक्काचे ओठ हलले, पण तिला सांगता येईना. येणार कसं? जे न बघता वापरता यावं म्हणून बनवलं होतं, ते तिनं दोन वर्षं न बघताच वापरलं होतं. हाताला आठवत होतं, डोळ्यांकडे काहीच नव्हतं.

डॉक्टर धनश्रीकडे वळले. “बिरनाळे मॅडम, घटनेच्या दिवशी इथं हाच प्रोग्राम होता ना?”

या प्रश्नाला दोन उत्तरं होती. अक्कानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत मागणं नव्हतं, नुसती भीती होती.

“हो,” धनश्री म्हणाली. “हाच.”

“आणि हा इशारा त्या दिवशी दाखवला गेला होता?”

“हो. नोंदवहीत आहे.”

तिथं ती थांबली. आणखी दोन वाक्यं पुरली असती. फाइल अजून सर्व्हरवर होती, दोन दिवस शिल्लक होते. तिनं समोरचं पाणी प्यायलं, आणि तेवढ्यात डॉक्टरांनी पुढचा कागद उलटला.

अक्का पुन्हा पडद्याकडे बघत होती. मग कुणी न विचारता म्हणाली, “असंच असेल, साहेब. तिचं कधी चुकत नाही. मीच बघितलं नसेल.”

ते वाक्य कबुलीजबाब म्हणून लिहून घेतलं गेलं. अक्कानं खाली सही केली. वॉर्डातली नर्स रडत होती, तिनंही केली. दोन निष्काळजी बायका, असं अहवालात अर्थातच नव्हतं, पण वाचणाऱ्याला तेच कळत होतं. अक्काची नोंदणी रद्द करावी, कोष्टीच्या मृत्यूबद्दल पोलिसांत नोंदलेला गुन्हा पुढे चालू राहावा, अशी शिफारस झाली. निघताना अक्का कोष्टीच्या बायकोसमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं हात जोडले.  बाईनं मुलीला उचललं आणि ती निघून गेली.

तीन तारखेला दुपारी तीनच्या सुमारास धनश्री अक्काकडे गेली. का गेली ते तिला नक्की सांगता आलं नसतं. पर्समध्ये फोन होता. फोनवर कंपनीचा निरोप सकाळपासून पडून होता. सफाईत जाणाऱ्या फाइलींची ती रोजची यादी, तीत एक ओळ अक्काची, आणि ओळीसमोर ‘राखून ठेवा’. एकदा बोट टेकवलं की झालं. पुढचं सगळं आपोआप झालं असतं, डॉक्टर वाळिंब्यांना पत्र, पुन्हा सुनावणी, साडेतीन हजार ठिकाणांहून फोन, साठ माणसं, शीतलचा चेहरा. आणि ही फाइल गेली की मागं पुरावा उरत नव्हता. प्रोग्रामची जुनी आवृत्ती कपाटात होती, पण चालू फाइलीतल्या इशाऱ्यांच्या सवयी दुरुस्तीनंच पुसल्या होत्या, आणि अक्काच्या त्या सवयींवाचून ती कुणालाही साधी-सरळ खिडकीच दाखवणार होती.

अक्का एकटीच होती. भावजी मुलीकडे पुण्याला गेले होते. तिनं धनश्रीला स्वयंपाकघरातच बसवलं आणि चहाचं आधण ठेवलं.

“बरं झालं आलीस. तुला एक सांगायचं होतं.” ती ओट्याला टेकून उभी राहिली. “तू तिथं खरं बोललीस ते फार बरं केलंस बघ.”

धनश्रीला वाटलं आपण ऐकतोय ते बरोबर नाही. “काय?”

“मला धास्ती वाटत होती गं. म्हटलं, ही पोरगी माझ्यासाठी खोटं बोलेल. प्रोग्राम बिघडला होता म्हणेल, स्वतःवर घेईल काहीतरी. तुझा काय भरवसा. लहानपणी तसंच करायचीस.” अक्का किंचित हसली. “साहेबांनी विचारलं तेव्हा तुझ्याकडं बघितलं ना मी, ते त्याच भीतीनं. माझ्या चुकीपायी तुझं सगळं बुडालं असतं तर मला कुठं तोंड दाखवायला जागा राहिली नसती. एक घर बुडवलं तेवढं पुरे.”

“अक्का, तुझी चूक...”

“माझीच गं. आता समजूत नको घालूस.” तिनं चहात साखर टाकली. “डोळे मिटले की तो लाल चौकोन दिसतो. दुपारी जरा पडले तरी दिसतो. एवढा मोठा, एवढाली अक्षरं. मी रोज आठवते तो दिवस. पिशवी स्कॅन केली, लाल झालं सगळं, आणि मी दाबलं. बघितलं आणि दाबलं. अशी कशी गं मी?”

 अक्काच्या पडद्यावर त्या दिवशी लाल काही नव्हतंच. तो लाल चौकोन धनश्रीनं नंतर केलेला, तासाभरात, स्वतःच्या हातानं. अक्कानं तो पहिल्यांदा पाहिला समितीसमोर, आणि आता ती तो मागं नेऊन तीन सप्टेंबरच्या सकाळी ठेवत होती. ती शपथेवर सांगेल की तो मी पाहिला. मरेपर्यंत तो पाहत राहील. शीतल सोडला तर जगात एकच माणूस तिला सांगू शकत होतं, की बाई, तुला तो दिसलाच नव्हता. आणि ते माणूस तिच्यासमोर पाटावर बसून चहाची वाट बघत होतं.

सांग, धनश्री स्वतःशी म्हणाली. आत्ता सांग. तिला स्वतःची किळस आली. भिंतीवरच्या घड्याळात चाराला सात मिनिटं कमी होती.

“कोष्टीच्या मुलींकडं जाऊन यावं म्हणते,” अक्का सांगत होती. “धाकटीला शाळेत सोडायला कुणी नसतं म्हणे. त्या बाईनं दारातनं हाकललं तरी चालेल. मला दुसरं काय काम आहे आता? रोज जाईन, हाकलतील, परत जाईन.”

“जा,” धनश्री म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

“तू येशील एकदा? एकटीला पाय उचलत नाहीत.”

“येईन.”

अक्कानं चहा गाळला. गाळणी आपटून चोथा टाकला, कप धुऊन पुसले, दोन्ही कप सारखे भरले आहेत का ते वाकून पाहिलं, मग धनश्रीच्या कपात स्वतःच्या कपातला थोडा ओतला. लहानपणापासून ती असंच करत आली होती. धनश्रीचा हात पर्सवर होता. पर्सची चेन अर्धी उघडी होती. तिनं हात तिथंच ठेवला, आत घातला नाही, बाहेरही काढला नाही, आणि घड्याळाकडे बघायचं टाळलं. मग टाळता येईना म्हणून पाहिलं. चार वाजून दोन मिनिटं झाली होती.

आधी तिला काहीच वाटलं नाही. मग छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. महिनाभरात पहिल्यांदा तिला पुरता श्वास घेता आला. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ठरवण्यासारखंही काही उरलं नव्हतं. आपल्याला हायसं वाटतंय हे तिच्या लक्षात आलं, त्याची शरमही वाटली, पण हायसं वाटायचं काही थांबलं नाही.

अक्का तिच्याकडे निरखून बघत होती. महिनाभर स्वतःच्या आगीत होरपळताना तिनं धाकटीचा उतरलेला चेहरा रोज पाहिला होता, आणि तो आपल्याच काळजीनं उतरलाय असं धरून चालली होती.

“बघ, आता कुठं जरा मोकळी दिसायला लागलीस,” अक्का म्हणाली, आणि तिनं कप पुढं सरकवला. “घे. निवेल.”